छपराखालचा फोम : ऊब हवी, पण घर कोंडायला नको

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या माणसांशी हिवाळ्यात बोलणे झाले की दोन विषय हमखास निघतात, थंडी आणि गॅसचे बिल. कोकणातून तिकडे गेलेली अनेक मुस्लिम कुटुंबे आता तिसऱ्या पिढीत पोहोचली आहेत. पहिल्या पिढीने काबाडकष्ट करून एक घर घेतले. हे घर बहुधा शहराच्या कडेचे, ऐंशी-शंभर वर्षांचे, विटांचे, दोन मजली आणि वर उतरते छप्पर असलेले. आयुष्यभराची कमाई त्या एका घरात गुंतलेली असते. नेमक्या अशाच जुन्या घरांच्या छपराखाली गेल्या काही वर्षांत एक फोम फवारला गेला आणि त्यामुळे तिथले असंख्य घरमालक आज पेचात सापडले आहेत. घर राहायला ठीक आहे, पण विकायला काढले तर गिऱ्हाईक परत जाते, कारण अशा घरावर कर्ज द्यायला बँका कचरतात.

हे असे का झाले, यातून वाट कशी काढावी आणि नव्याने कोणी फसू नये म्हणून काय करावे, हे आम्ही या लेखात सांगणार आहोत. तोच फोम आता आपल्याकडेही गच्चीवर आणि पत्र्याखाली मारला जातो, म्हणून इथल्या वाचकांनाही हा विषय परका नाही.

जुने घर थंड का पडते?

इंग्लंडमधील साधारण दर पाच घरांपैकी एक घर १९१९ पूर्वी बांधलेले आहे. त्यानंतर दोन महायुद्धांच्या मधल्या काळात शहरांभोवती उपनगरे पसरली आणि एका भिंतीने जोडलेली जुळी घरे मोठ्या संख्येने उभी राहिली. तेव्हा खोल्यांत कोळशाची शेकोटी असे. उष्णता बाहेर किती जाते याची फिकीर बांधणाऱ्यांनी फारशी केली नाही. माथ्यावर कसलेच आवरण नसलेल्या घरातील सुमारे पाव हिस्सा उष्णता छपरातून निघून जाते.

कोकणातले कौलारू घर ज्याने पाहिले आहे, त्याला हे छप्पर समजावून सांगावे लागत नाही. मध्ये आढे, दोन्ही बाजूंना उतरणारे वासे, वाशांवर आडव्या रिपा आणि रिपांवर कौले किंवा काळ्या दगडाच्या पातळ लाद्या. शाळेतली जुनी पाटी ज्या दगडाची असे, तोच हा दगड. खोलीच्या वर सपाट छत असते आणि ते छत व छप्पर यांच्यामधल्या पोकळ माळ्याला तिथे लॉफ्ट म्हणतात. जुन्या पेट्या, पाण्याची टाकी असे सगळे त्यात असते. छपराच्या कडेच्या फटींतून या माळ्यात वारा खेळत राहतो. हा वारा छपराच्या बांधणीचाच एक भाग आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढच्या साऱ्या गोष्टीचे मूळ त्यात आहे.

बिले वाढली तशी ऊब राखण्याची गरज वाढली. २०२१ च्या एप्रिलमध्ये सर्वसाधारण घराचे वर्षाचे वीज-गॅसचे बिल १,१३८ पौंड धरले जाई. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने दराला आधार दिल्यानंतरही ते २,५०० पौंडांवर गेले होते. त्याआधी, सप्टेंबर २०२० मध्ये, सरकारने घरे उबदार करण्यासाठी ‘ग्रीन होम्स ग्रँट’ ही अनुदान योजना आणली होती. पाच हजार पौंडांपर्यंत आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना दहा हजारांपर्यंत मदत मिळत असे. या योजनेतूनही काही घरांत फोम बसवला गेला. योजना मार्च २०२१ मध्ये गुंडाळली गेली, पण दारोदार फिरणारे आणि फोन करणारे विक्रेते थांबले नाहीत. ‘एका दिवसात काम, निम्मे बिल’ असे कोणी म्हटले की पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला ते पटायला वेळ लागत नाही.

फोम म्हणजे नेमके काय?

फवारणाऱ्याच्या गाडीत दोन पिंपे असतात. एकात आयसोसायनेट नावाचे रसायन असते. दुसऱ्यात पॉलिओल आणि त्यात मिसळलेली फुगवणारी, प्रक्रियेला वेग देणारी व आग मंदावणारी द्रव्ये असतात. तापवलेल्या नळ्यांतून दोन्ही द्रव पिस्तुलासारख्या तोंडाशी एकत्र येतात आणि वाशांवर पडताच काही सेकंदांत फुगून घट्ट होतात. हे पॉलियुरेथेन, म्हणजे गादीतल्या आणि फ्रीजच्या भिंतीतल्या फोमचे भावंड.

याचे दोन प्रकार आहेत. खुल्या पेशींचा फोम मऊ, स्पंजासारखा असतो. तो मूळ द्रवाच्या शंभरपटींच्या आसपास फुगतो आणि त्याच्यातून वाफ आरपार जाते. बंद पेशींचा फोम टणक असतो, लाकडाला व कौलाला गच्च चिकटतो आणि पाणी किंवा वाफ सहसा जाऊ देत नाही. उष्णता अडवण्यात तो सरस आहे. काचेच्या किंवा दगडाच्या तंतूंच्या लोकरीचा तेवढ्याच जाडीचा थर घेतला तर बंद पेशींचा फोम साधारण दीडपट काम देतो.

हे गुण खरे आहेत आणि ते नाकारण्याचे कारण नाही. शीतगृहांत तो वर्षानुवर्षे वापरला जातो. अमेरिकेत नव्या घरांत तो सर्रास मारतात. मात्र तिथे हवा न खेळवता छप्पर बंद करायचे असेल तर कोणत्या हवामानात किती जाडीचा थर हवा, हे बांधकामाच्या नियमांतच दिलेले असते. घर तसे आखलेले असते आणि आतली दमट हवा बाहेर काढण्याची सोयही वेगळी असते. ब्रिटनमधल्या जुन्या छपरांबाबत उलट झाले. जी छपरे शंभर वर्षे वाऱ्यावर जगली, ती कोणतीही दुसरी सोय न करता एका दिवसात बंद केली गेली.

ओलावा जातो कुठे?

चार माणसांच्या कुटुंबात श्वास, आंघोळ, स्वयंपाक आणि घरातच वाळत घातलेले कपडे यांतून दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन हवेत मिसळते. आपल्या घरांत तर डाळ उकळते, भाताला वाफ येते, हंडीला दम लागतो. तिथल्या हिवाळ्यात खिडक्या बंद असतात. ही वाफ छताच्या फटींतून, दिव्यांच्या भोकांतून माळ्यात चढते. थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब धरतात, तसे तिचे थंड लाकडावर दव होते. माळ्यात वारा असेल तर ते सुकून जाते. वारा बंद झाला की ते तिथेच मुरते.

खुल्या पेशींच्या फोममधून वाफ पार होते आणि त्याच्या मागच्या थंड बाजूला, कौलांखालच्या डांबरी कागदाशी जाऊन पाणी बनते. बंद पेशींचा फोम वाफ अडवतो, पण वर एखादे कौल फुटून पाऊस आत आला तर ते पाणीही अडवून लाकडापाशी ठेवतो. लाकडातील ओलावा बराच काळ वीस टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी आणि कुजणे सुरू होते. पूर्वी एखादी दगडी लादी फुटली की कारागीर तेवढी एक काढून दुसरी बसवे. फोमला चिकटलेली लादी तशी निघत नाही.

प्रत्येक फोमखाली लाकूड कुजतेच असे नाही. कोरडे छप्पर, योग्य प्रकारचा फोम, कडेने हवेची वाट आणि आधी नीट केलेली पाहणी असेल तर काम चांगले होऊ शकते. पण फोमखालचे लाकूड कसे आहे, हे फोम काढल्याशिवाय डोळ्यांना दिसत नाही. पुढचा सगळा तिढा या न दिसण्यातून आला आहे.

बँक ‘नाही’ का म्हणते?

ब्रिटनमध्ये घर विकत घेताना कर्ज देणारी संस्था आधी आपला मूल्यमापक पाठवते. व्याज टाळण्यासाठी भागीदारी-भाडे पद्धतीने घर घेऊन देणाऱ्या इस्लामी वित्तसंस्थाही घराचे मूल्यांकन करूनच पुढे जातात. मूल्यमापक माळ्यात डोके घालतो आणि त्याला वाशांऐवजी पिवळट-पांढरा फोम दिसतो. लाकूड ठीक आहे असे तो छातीठोकपणे लिहू शकत नाही आणि कुजले आहे असेही लिहू शकत नाही. मग तो शंका नोंदवतो. पंचवीस-तीस वर्षांसाठी पैसा गुंतवणारी संस्था तेवढ्या शंकेवर हात आखडता घेते.

२०२४ मध्ये बीबीसीने दिलेल्या वृत्तानुसार देशातल्या मोठ्या कर्जदात्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश छपरात असा फोम असलेल्या घरावर कर्जच देत नाहीत. बाकीचे प्रत्येक घराचा वेगळा विचार करतात आणि कागद मागतात. म्हातारपणी राहत्या घरावर पैसे उचलण्याची जी योजना तिथे आहे, तिच्यातही हीच अडचण येते. मूल्यमापकांची संस्था ‘रिक्स’ हिला २०२३ मध्ये घरमालकांसाठी या एका विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढावी लागली, यावरून प्रश्न किती पसरला होता याची कल्पना येते.

आमच्या वाचकांना यातला आणखी एक धोका सांगितला पाहिजे. वडिलांच्या पश्चात घर विकून वारसांना वाटे द्यायचे असतात. घरच अडले की सगळ्यांचे वाटे अडतात. जो मुलगा त्या घरात राहतो, त्याचे तात्पुरते भागते. सासरी गेलेल्या बहिणीचा हिस्सा मात्र कागदावर राहतो आणि ‘घर विकले जात नाही, आम्ही काय करणार’ हे उत्तर तिला वर्षानुवर्षे ऐकावे लागते. छपरावर मारलेला फोम अशा रीतीने भावाबहिणींच्या नात्यात येतो. म्हणून हा विषय केवळ बांधकामाचा समजू नये.

कॅनडाचा जुना धडा

असे एकदा आधीही घडले आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर कॅनडात घरे उबदार करण्यासाठी सरकारी अनुदान सुरू झाले. त्या काळात यूरिया-फॉर्मल्डिहाइड नावाचा फोम जुन्या घरांच्या भिंतींच्या पोकळीत भरला गेला. त्याचे रसायन आजच्या फोमपेक्षा वेगळे होते. त्यातून डोळे-घसा चुरचुरवणारा वायू सुटतो अशा तक्रारी आल्या आणि डिसेंबर १९८० मध्ये तिथे त्यावर बंदी आली. अमेरिकेतही १९८२ मध्ये बंदी आली, पण पुढच्याच वर्षी न्यायालयाने ती रद्द केली.

काळ गेला तसा भिंतींतला वायू ओसरत गेला. घरावरचा डाग मात्र ओसरला नाही. घर विकताना ‘या घरात तो फोम आहे का?’ हा प्रश्न कॅनडातल्या खरेदीखताच्या कागदांत दशकानुदशके राहिला. फोमने घराचे किती नुकसान केले हा एक भाग, आणि घराबद्दल लोकांच्या मनात शंका बसली हा दुसरा. बाजारात दुसऱ्याचीही किंमत मोजावी लागते.

लुबाडणुकीचा दुसरा फेरा

ब्रिटनमध्ये आता नवे फोन येत आहेत. ‘तुमच्या छपरात फोम आहे, लाकूड कुजत आहे, छप्पर कोसळेल, आम्ही काढून देतो’ असे ते सांगतात. ज्यांना आधी फोम विकला, त्यांच्याच मागे आता तो काढणारे लागले आहेत. काढण्याचा खर्च हजारो पौंडांत जातो, आणि लाकूड न दुखवता तो खरवडणे हे जिकिरीचे काम आहे. कित्येकदा कौलेच उतरवावी लागतात. कोणीतरी घाबरवले म्हणून घाईने पैसे देणे म्हणजे एका खड्ड्यातून दुसऱ्यात पडणे.

तब्येतीची बाजूही सांगायला हवी. फवारताना उडणारे आयसोसायनेट फुफ्फुसांना घातक असते. कामाच्या ठिकाणी जडणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत त्याची गणना होते. म्हणून फवारणारा कामगार बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा घालतो. त्या वेळी आणि त्यानंतर निदान एक दिवस तरी घरात कोणी थांबू नये. फोम पूर्ण घट्ट झाल्यावर धोका फारच कमी होतो, पण मिश्रणाचे प्रमाण चुकले असेल तर उग्र वास रेंगाळतो. तसा वास येत राहिला तर तिकडे दुर्लक्ष करू नये.

फोम आधीच मारला असेल तर

पहिली गोष्ट, घाबरू नये आणि फोनवर किंवा दारात कोणाशी व्यवहार ठरवू नये. दुसरी, कागद शोधावेत. कामाआधीच्या पाहणीचा अहवाल, फोमचा प्रकार व त्याचे प्रमाणपत्र, ओलाव्याच्या धोक्याचा हिशेब, हमीपत्र आणि काम चालू असतानाचे फोटो, जे मिळेल ते एका फाइलमध्ये लावावे. हमी देणारी कंपनी बंद पडली असेल तर त्या हमीला विम्याचा आधार होता का, ते पाहावे.

तिसरी, फोम मारणे किंवा काढणे यापैकी कोणताच धंदा न करणारा चार्टर्ड सर्व्हेयर गाठावा. ज्याचा आपल्या उत्तरात फायदा नाही, त्याचाच मशवरा उपयोगी पडतो. तो ठिकठिकाणी फोम कापून लाकडाचा ओलावा मोजेल आणि फोम काढायचा की राहू द्यायचा ते लेखी सांगेल. कधीकधी अशा अहवालावरच एखादी संस्था कर्ज द्यायला तयार होते.

चौथी, हक्क माहीत असावेत. दारात झालेल्या बहुतेक करारांतून चौदा दिवसांच्या आत माघार घेता येते. कामाचे पैसे पूर्ण किंवा अंशतः क्रेडिट कार्डाने दिले असतील आणि कामाची किंमत शंभर पौंडांहून जास्त व तीस हजारांपर्यंत असेल, तर खोट्या माहितीवर विकलेल्या किंवा सदोष कामाबद्दल कार्डवाल्या बँकेकडेही दावा लावता येतो. ‘सिटिझन्स अॅडव्हाइस’ ही संस्था अशा बाबतीत मोफत सल्ला देते. म्हाताऱ्या अब्बा-अम्मींना इंग्रजी कागद वाचणे जड जात असेल तर मुलांनी हे काम अंगावर घ्यावे.

मग ऊब राखायची कशी?

जुना आणि स्वस्त उपाय अजूनही चांगला आहे. छपराला हात न लावता माळ्याच्या जमिनीवर, म्हणजे खोलीच्या छतावर, तंतूंच्या लोकरीचे गुंडाळे पसरायचे. तिथली आजची शिफारस २७० मिलिमीटर जाडीची आहे, म्हणजे साधारण साडेदहा इंच. एक थर तुळयांच्या मध्ये आणि दुसरा त्यांच्यावर आडवा टाकतात. कडेच्या फटी लोकरीने बुजवायच्या नाहीत, वाऱ्याची वाट मोकळी ठेवायची. माळ्यात चढायच्या झाकणाला कडेने पट्टी लावायची, म्हणजे वाफ वर जाणार नाही. माळा आता अधिक थंड होईल, म्हणून टाकी आणि पाण्याच्या नळ्यांनाही आवरण घालायचे. स्वयंपाकघरात व न्हाणीघरात दमट हवा बाहेर फेकणारा पंखा चालता ठेवायचा.

या उपायाचा मोठा गुण असा की वासे उघडे राहतात. गळती झाली तर दिसते, आणि लोकर चुकीची पडली तर उचलून ठेवता येते.

आपल्या गच्चीवर आणि कौलांखाली

आपल्याकडे प्रश्न थंडीचा नसून उन्हाचा आहे. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात तापलेला स्लॅब रात्रभर आत उष्णता सोडतो. इथे फोम बहुधा स्लॅबच्या वरून मारला जातो आणि उष्णता व गळती दोन्ही थांबवण्यासाठी विकला जातो. उन्हात उघडा राहिला तर तो पिवळा पडून झिजतो, म्हणून त्यावर संरक्षक थर लागतोच. ओल्या स्लॅबवर मारला तर ओल खालीच अडकते आणि पुढे गळती कुठून येते ते सापडत नाही. ज्यांना फक्त उन्हाचा त्रास आहे, त्यांनी आधी गच्चीला चुना किंवा पांढरा रंग लावून पाहावा, किंवा पांढऱ्या लादीच्या तुकड्यांचा थर घालावा. खर्च कमी आणि फरक जाणवण्याइतका.

कोकणातल्या वडिलोपार्जित कौलारू घराला खालून फोम मारण्याचा सल्ला कोणी दिला तर आम्ही स्पष्ट सांगू की तो मानू नये. तिथे दरवर्षी पावसाआधी घर शाकारावे लागते, माकडांनी उचकटलेली कौले परतावी लागतात. कौले फोमला चिकटली की शाकारणी संपली, आणि चार महिन्यांच्या पावसात वाशांचे काय होते ते कळायची वाटही संपली.

घर इथले असो की तिथले, सही करण्याआधी विकणाऱ्याला चार प्रश्न विचारावेत. ओलावा बाहेर कुठून जाणार? उद्या गळती झाली तर ती कशी दिसणार? हे काम काढायचे झाले तर कसे निघेल आणि किती खर्चात? आणि तुमची कंपनी बंद पडली तर हमी कोण पाळणार? उत्तरे लेखी घ्यावीत. ती घरातल्या दोन माणसांनी वाचावीत, त्यातले एक तरुण असावे. ‘आजच सही केली तरच ही किंमत’ असे जो म्हणतो, त्याला चहा पाजून परत पाठवावे.